स्कूटर घेताय? आधी पाय टेकतात का पाहा, मग रंग निवडा

गेल्या वर्षी शाबानमध्ये आमच्या आपाने स्कूटर घ्यायचं ठरवलं. ती शाळेत शिकवते, दोन लहान मुलं आहेत आणि भाईजान कामासाठी बाहेरगावी असतात. रिक्षाचा रोजचा खर्च आणि रोजची वाट पाहणं, दोन्हीला ती कंटाळली होती. आम्ही शोरूममध्ये गेलो. विक्रेत्याने आधी रंग दाखवले, मग मोबाइल गाडीला कसा जोडायचा ते दाखवलं, मग ॲव्हरेज आणि हप्ता सांगितला. आपाचे पाय जमिनीला नीट टेकतात का, हे त्याने विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सुचलं नाही.

गाडी घरी आली. चौथ्या दिवशी सिग्नलला थांबताना आपाने डावा पाय खाली टाकला. तो बुरख्याच्या घेरावर पडला, सरकला, आणि उभी गाडी तिच्या अंगावर आडवी झाली. वेग शून्य होता. तरी मनगटाला सहा आठवडे प्लास्टर राहिलं. त्यानंतर दोन महिने ती स्कूटर अंगणात कव्हर घालून पडून होती. ‘विकून टाका, मला नाही जमायचं,’ असं ती म्हणायची.

गाडी चालवणं तिला जमत होतं, चूक आमच्या निवडीत झाली होती. गाडी, सीट, चप्पल आणि कपडे या चार गोष्टी एकमेकांशी जुळत नव्हत्या. त्या जुळवताना मेकॅनिक, सीटवाले, गाडी शिकवणारे आणि आरटीओच्या कामातले जाणकार यांच्याकडून जे शिकायला मिळालं, ते इथे सांगते. आपल्या कितीतरी घरांत आज आई, बहीण, सून स्कूटरवरून शाळेत, दवाखान्यात, बाजारात जाते. मागच्या सीटवर अम्मी बसते, पुढे मूल उभं असतं. म्हणून हा विषय फक्त चालवणाऱ्याचा नाही, सगळ्या घराचा आहे.

पहिलं माप: जमीन ते सीट

माणूस स्कूटरवरून सगळ्यात जास्त वेळा पडतो तो वेगात असताना नव्हे. थांबताना, वळवून काढताना आणि स्टँडवर लावताना तो पडतो. या तिन्ही वेळी उपयोगी पडतात ते आपले पाय. त्यामुळे सीटची उंची हा पहिला प्रश्न.

आपल्याकडच्या बहुतेक ११० आणि १२५ सीसी स्कूटरच्या सीटची उंची साधारण ७६० ते ७८० मिलिमीटर असते. तुमचं माप घरीच काढा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप बहुधा ७० सेंटीमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे ७६-७७ सेंटीमीटरच्या सीटवर तिचे पंजे टेकतील, टाचा टेकणार नाहीत. पंजे दोन्ही बाजूंना भक्कम टेकत असतील तर चालतं. फक्त बोटांची टोकं लागत असतील तर ती गाडी त्या उंचीला नको.

कागदावरची उंची पाहून भागत नाही. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आणखी वर राहतात. दोन गाड्यांची उंची सारखी असूनही एकीवर पाय टेकतात, दुसरीवर नाहीत, ते यामुळेच. म्हणून शोरूमला जाताना रोज जे घालता तेच घालून जा. बुरखा असेल तर बुरखा, सलवार-कमीज असेल तर ते, आणि पायात रोजची चप्पल. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घालून घेतलेली टेस्ट राइड तुमची नाही, दुसऱ्याच कुणाची तरी आहे.

दुसरा प्रश्न वजनाचा. यामाहाची फॅसिनो ९९ किलोची आहे. ॲक्टिव्हा, ॲक्सेस या गाड्या १०५ किलोच्या आसपास आहेत. एनटॉर्कसारखी गाडी ११५ किलोच्या वर जाते. बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटर ११५ ते १३५ किलोच्या दरम्यान असतात. चालत्या गाडीत हा फरक जाणवत नाही. गल्लीत उतारावरून मागे ओढताना पाच-दहा किलोसुद्धा जाणवतात.

शोरूममध्येच या चार गोष्टी करून पाहा:

- इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून, पायांनी गाडी दहा पावलं मागे ढकला.
- मेन स्टँडवर तीन वेळा लावा आणि काढा. हाताने ओढू नका. उजवा पाय स्टँडच्या दांड्यावर ठेवून शरीराचं वजन त्यावर टाका, गाडी आपोआप चढते. तरी चढत नसेल तर ती गाडी तुम्हाला जड आहे.
- हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. गुडघा किंवा पोट लागतंय का? उंच माणसाचा गुडघा काही गाड्यांत हँडलला अडतो.
- घरातलं जे माणूस नेहमी मागे बसणार, त्याला सोबत न्या आणि चढ-उतर करायला लावा. अम्मीचे गुडघे दुखत असतील तर निर्णय निम्मा तिथेच होतो.

चाकं, शॉकअप आणि आपले रस्ते

स्कूटरचं चाक मोटारसायकलपेक्षा लहान असतं. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि बाहेर येताना जास्त दणका देतं. ॲक्टिव्हासह अनेक गाड्यांत पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची असतं. ज्युपिटरमध्ये दोन्ही १२ इंची असतात. रोजचा रस्ता खडबडीत असेल, कोकणातल्यासारखा चढ-उताराचा असेल, किंवा भिवंडी-मालेगावच्या गल्ल्यांसारखा उखडलेला असेल, तर पुढचं चाक १२ इंची आणि पुढे टेलिस्कोपिक शॉकअप असलेलीच गाडी पाहा. जुन्या गाड्यांतल्या पुढच्या शॉकअपपेक्षा यात हादरे कमी बसतात आणि ब्रेक मारताना हँडल सरळ राहतं.

मागचा शॉकअप बहुतेक स्कूटरमध्ये एकाच बाजूला असतो. काही मॉडेल्समध्ये तो तीन टप्प्यांत कडक-मऊ करता येतो. बरेच जण ही सोय असूनही ती कधी वापरत नाहीत. एकटं फिरणाऱ्याला मऊ टप्पा बरा. रोज मागे मोठं माणूस बसत असेल तर एक टप्पा कडक करून घ्या. नाहीतर गाडी मागून बसते, पुढचं टोक उचललं जातं, हँडल हलकं लागतं आणि स्पीडब्रेकरवर खालून घासतं. सर्व्हिसिंगच्या वेळी सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. बऱ्याच ११० सीसी स्कूटरमध्ये पुढच्या चाकात २२ पीएसआय, मागच्या चाकात एकट्यासाठी २९ आणि दोघांसाठी ३६ च्या आसपास हवा सांगितलेली असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. पंपवाल्याला ‘टाक रे अंदाजे’ म्हणू नका, आकडा सांगा. हवा कमी असेल तर वळणावर गाडी डोलते आणि टायर कडेने झिजतो. जास्त असेल तर ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. पंधरा दिवसांतून एकदा, टायर गार असताना, सकाळी हवा तपासा.

टायर बदलताना त्यावरचे चार आकडे वाचायला शिका. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१२२४’ म्हणजे २०२४ सालचा बारावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका, तो कडक झालेला असतो.

ब्रेक: दोन्ही हातांची सवय

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला सीबीएस किंवा एबीएस बंधनकारक झालं. सीबीएस म्हणजे डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. यामुळे अनेकांना वाटतं की उजव्या ब्रेकची गरजच नाही. तसं नाही. ब्रेक मारला की गाडीचं आणि माणसांचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाब वाढवत लावायची सवय करा. वाळू, ओली माती, पावसातले झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं यांवर वेग आधीच कमी करा आणि हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक झटक्याने लावू नका.

परवडत असेल तर पुढे डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल घ्या. घाटरस्त्यावर आणि दोन माणसांच्या वजनाला त्याचा फरक कळतो. ड्रम ब्रेक असेल तर लिव्हर हँडलपर्यंत येऊ देऊ नका, त्याआधीच केबल ताणून घ्या. हात लहान असेल आणि बोटं लिव्हरपर्यंत नीट पोचत नसतील, तर आधी मेकॅनिकला दाखवा. ब्रेक दाबायला बोटं ताणावी लागत असतील तर ऐन वेळी उशीर होतो.

सीट आणि इतर छोटे बदल

आपाच्या गाडीवर आम्ही सगळ्यात आधी सीट बदलली. नवी घेतली नाही, त्याच सीटचा फोम कमी केला. जुना, जाणता सीटवाला असेल तर तो फोम वरून इंच-दीड इंच काढतो आणि पुढच्या दोन्ही कडा उतरत्या करतो. कडा उतरवल्या की मांड्या जवळ येतात आणि पाय जास्त खाली पोचतात. आपाला उंचीपेक्षा या कडांचाच जास्त फायदा झाला. दीड इंचापेक्षा जास्त फोम काढायला सांगू नका, खालचा कडक तळ टोचायला लागतो आणि पाठ दुखते.

कव्हर निवडताना गुळगुळीत, चकचकीत रेग्झिन नको. ब्रेक मारला की मागचं माणूस पुढे घसरतं आणि त्याचा भार चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो. खरखरीत पकड असलेलं कव्हर घ्या. सैल, दोरीने बांधायची कव्हरं तर अजिबात नकोत.

सीट कमी करण्याऐवजी काही गॅरेजवाले ‘छोटा शॉकअप टाकतो, गाडीच खाली येईल’ असं सुचवतात. हे करू नका. गाडी खाली आली की वळताना स्टँड रस्त्याला घासतो, स्पीडब्रेकरवर तळ आपटतो आणि मागचं चाक मडगार्डला लागू शकतं.

कामाचे बदल कोणते, तेही सांगते:

- मागे धरायला भक्कम दांडा. प्लॅस्टिकचा शोभेचा नको. मागे पाठीला टेकू हवा असेल तर चांगल्या बोल्टने बसवलेला घ्या. वयस्क माणसाला याने मोठा धीर मिळतो.
- एका बाजूला बसणाऱ्यांसाठी रुंद पायदान. दोन्ही पाय एकत्र टेकतील इतकं लांब हवं. एकच पाय टेकून दुसरा लोंबकळत असेल तर तोल राहत नाही.
- दोन्ही आरसे. ते काढून टाकण्याची किंवा आत वळवून ठेवण्याची फॅशन सोडा. आरशात खांद्याचा थोडा भाग आणि मागचा रस्ता दिसेल असे लावा.
- फूटबोर्डवर रबरी मॅट. पावसात चप्पल घसरत नाही. मात्र मॅट कडेला नीट बसलेली हवी, गुंडाळी होणारी नको.
- मागच्या चाकाला मडफ्लॅप. पावसाळ्यात कपड्यांवर चिखल उडत नाही.

बुरखा, दुपट्टा आणि चाक

या भागावर मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण गाडीच्या पुस्तिकेत हे नसतं आणि धोका मात्र आपल्याच घरातल्या बायकांना आहे.

दुपट्टा किंवा बुरख्याचं टोक मागे उडतं आणि मागच्या चाकात किंवा चाक आणि मडगार्डच्या फटीत ओढलं जातं. चाक फिरत असतं, म्हणून कापड क्षणात गुंडाळलं जातं. दुपट्टा गळ्याभोवती असेल तर काय होऊ शकतं, ते सांगायची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ मध्ये मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायचा दांडा, पायदान आणि मागचं चाक निम्म्यापेक्षा कमी झाकणार नाही असं संरक्षण हवं, असं म्हटलं आहे. कारणही तिथेच दिलं आहे: मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत. स्कूटरची बॉडी चाकाचा बराच भाग झाकते, पण सगळा नाही. मागून आणि सायलेन्सरच्या बाजूने फट राहते. तिथे बसणारं गार्ड तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर लावून घ्या.

मागे बसणाऱ्या बहिणींसाठी:

- बसायच्या आधी दुपट्ट्याची दोन्ही टोकं पुढे घेऊन कमरेला बांधा. खांद्यावरून मागे सोडू नका.
- बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली दाबून बसा. निघण्याआधी चालवणाऱ्याने मागे वळून एकदा पाहावं आणि विचारावं, ‘कपडे आवरले का?’ ही सवय हेल्मेटइतकीच महत्त्वाची आहे.
- जमत असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसा. एका बाजूला बसलं की सगळं वजन डावीकडे जातं, आणि ब्रेक लागला की धरायला फारसं काही नसतं. गुडघ्यांमुळे किंवा सवयीमुळे एका बाजूलाच बसावं लागत असेल, तर उजव्या हाताने चालवणाऱ्याला आणि डाव्या हाताने मागचा दांडा धरा, दोन्ही पाय पायदानावर ठेवा. चालवणाऱ्यानेही वेग कमी ठेवावा.
- सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि चांगलाच तापतो. सिंथेटिक कापड त्याला चिकटतं, वितळतं आणि कातडी भाजते. चढ-उतर डावीकडूनच करा. मुलांनाही तेच शिकवा.

चालवणाऱ्या बहिणींसाठी:

- जमिनीला टेकणारा बुरखा गाडीवर नको. घोट्याच्या वर राहील अशा लांबीचा, खाली घेर कमी असलेला, आत सलवार किंवा पँट असलेला अबाया सोयीचा. शिंपी बाजूला चीर ठेवून तिथे बटणं लावून देतो. गाडीवर बटणं उघडायची, उतरल्यावर लावायची.
- पाय खाली टाकताना घेर पायाखाली येतो का, हे गाडी बंद असताना दहा वेळा करून पाहा. आमच्या आपाचा हात ज्या गोष्टीने मोडला, ती गोष्ट एवढीच होती.
- मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. सपाट, घसरणारी सपाता नकोत.
- बाह्या फार रुंद असतील तर मनगटाशी इलॅस्टिक लावा. रुंद बाही ब्रेकच्या लिव्हरमध्ये किंवा आरशाच्या दांड्यात अडकते.

आणि कापड चाकात अडकलंच तर? जोर लावून ओढू नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि चाक हाताने उलटं फिरवून कापड सोडवा. गळ्याशी ताण असेल तर विचार न करता कापड कापा. डिक्कीत एक छोटी कात्री कायम ठेवा.

हिजाबवर हेल्मेट बसतं का?

बसतं, फक्त माप योग्य हवं. हेल्मेट घेताना हिजाब बांधूनच घ्या. भुवयांच्या इंचभर वरून डोक्याचा घेर टेपने मोजा, तोही हिजाबसकट. आत पातळ सुती टोपी आणि वर एकेरी स्कार्फ पुरतो. डोक्यावर टाचण्या आणि मोठ्या क्लिपा नकोत. पडल्यावर हेल्मेट दाबलं जातं आणि त्या डोक्यात रुततात. केसांचा अंबाडा वर बांधला तर हेल्मेट मागून उचललं जातं, म्हणून तो खाली मानेजवळ घ्या.

हेल्मेट घालून डोकं जोरात डावी-उजवीकडे हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागे राहता कामा नये. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकी जागा पुरे. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट ही फक्त टोपी आहे, पहिल्या दणक्यात ती उडून जाते. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचंच हेल्मेट विकता येतं. त्यावर आयएस ४१५१ हा क्रमांक असतो, तो पाहून घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला.

नकाब लावून चालवणाऱ्या बहिणींनी एक विचार करावा. सैल नकाब वाऱ्याने डोळ्यांवर येतो आणि बाजूचं दिसणं कमी होतं. त्यापेक्षा पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घेतलं तर चेहरा झाकला जातो आणि जबडाही वाचतो. काळी काच मात्र मगरिबनंतर किंवा फजरच्या अंधारात चालत नाही, रात्रीसाठी पारदर्शक काच हवी.

आणि हो, हे फक्त बायकांसाठी नाही. मशीद जवळच आहे म्हणून डोक्यावर फक्त नमाजची टोपी घालून निघणारे आपले भाऊ आणि अब्बाही यात येतात. कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागतं. न घातल्यास एक हजार रुपये दंडाची आणि तीन महिने लायसन्स बाद होण्याची तरतूद आहे. ‘अल्लाह मालिक’ म्हणून बोडक्या डोक्याने निघणं वेगळं, आणि हेल्मेट घालून अल्लाहचं नाव घेऊन निघणं वेगळं.

मुलं: घर चौघांचं, गाडी दोघांची

हे कटू आहे, पण बोलायला हवं. ईदच्या दिवशी आपल्या रस्त्यांवर एका स्कूटरवर चौघं-पाच जण दिसतात. कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. गाडीचे ब्रेक, शॉकअप, टायर सगळं त्याच हिशेबाने बनवलेलं असतं. चार माणसांच्या वजनाला गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हा मुद्दा पुढे करू शकते. दोन खेपा करा किंवा त्या दिवशी रिक्षा करा.

फूटबोर्डवर उभं केलेलं मूल हे आपल्याकडचं रोजचं दृश्य. ब्रेक लागला की त्याचं तोंड हँडलवर किंवा मीटरवर आदळतं. चालू गाडीवर त्याला सोडून आई दुकानात गेली आणि मुलाने ॲक्सिलरेटर पिळला, तर गाडी सुटते. गाडीवरून उतरताना आधी चावी बंद, मग मूल खाली, ही सवय लावून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत तर आवाजच नसतो, त्यामुळे गाडी चालू आहे हे कळतही नाही.

१५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळा नियम लागू आहे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सेफ्टी हार्नेस हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. हार्नेस म्हणजे खांद्यावरून येणारा पट्ट्यांचा जोड. तो मुलाचा वरचा भाग चालवणाऱ्याच्या शरीराशी धरून ठेवतो. ओढणीने मूल पाठीशी बांधणं म्हणजे हार्नेस नव्हे.

आणि पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात चावी देऊ नका. ‘इथेच कोपऱ्यापर्यंत जातो’ म्हणत तो जातो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९ ए खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. वाडवडिलांच्या लाडाची ही किंमत फार मोठी आहे.

सामान कुठे आणि किती

जड सामान खाली आणि मध्ये ठेवा. म्हणजे आधी डिक्की, मग फूटबोर्ड. हँडलला टांगलेली पिशवी वळताना हँडल ओढते आणि गुडघ्याला अडते. पुढच्या हूकला किती वजन चालतं ते पुस्तिकेत असतं, ते काही किलोच असतं. फूटबोर्डवर तांदळाचं पोतं किंवा सिलिंडर ठेवला की पाय बाहेर काढावे लागतात, मग ब्रेक मारताना ते वेळेवर खाली येत नाहीत. रमजानच्या संध्याकाळी इफ्तारीची घाई असते, रस्ते भरलेले असतात आणि माणूस दिवसभराचा रोजेदार, थकलेला असतो. त्या वेळी गरम पातेलं हँडलला लटकवून धावू नका. दहा मिनिटं आधी निघा.

हे बदल करू नका

कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्याने ती कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळी होईल. असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीटचं कव्हर किंवा आरसे यांचा प्रश्न येत नाही. पुढचे बदल मात्र महागात पडतात:

- आवाज करणारा सायलेन्सर. मोहल्ल्यातले म्हातारे आणि आजारी लोक वैतागतात, ते वेगळंच.
- खूप रुंद टायर. गाडी वळायला जड होते, ॲव्हरेज पडतं आणि टायर बॉडीला घासतो.
- वायर कापून लावलेले झगमगीत दिवे आणि मोठे हॉर्न. वायरिंग तापतं, वॉरंटी जाते आणि समोरच्याचे डोळे दिपतात.
- पुढे-मागे बाहेर आलेले अवजड लोखंडी गार्ड. अरुंद गल्लीत ते दुसऱ्याच्या गाडीत किंवा पायात अडकतात.

घरात अपंग व्यक्ती असेल आणि तिच्यासाठी बाजूला दोन जादा चाकं लावायची असतील, तर ते काम कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे परस्पर करू नका. आधी आरटीओत जा, परवानगी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या. म्हणजे विम्याचाही प्रश्न उरत नाही.

इलेक्ट्रिक किंवा जुनी गाडी घेताना

इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये बॅटरीचं वजन बहुधा खाली असतं, त्यामुळे चालताना ती स्थिर वाटते. सायलेन्सर नाही, म्हणजे भाजायची भीती नाही. काही गाड्यांना रिव्हर्सही असतो, जड गाडी मागे घ्यायला तो कामाचा. पण पिकअप एकदम येतो, म्हणून पहिला महिना कमी वेगाच्या मोडवरच चालवा. घरी चार्जिंगसाठी चांगलं अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट वायरमनकडून करून घ्या. जुन्या घरातल्या सैल सॉकेटवर रात्रभर चार्जिंग लावू नका.

जुनी गाडी घेत असाल तर सरळ, रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून पाहा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचा फोर्क वाकलेला असू शकतो. टायर एकाच कडेने झिजलाय का, मेन स्टँडला वेल्डिंग केलंय का, ते बघा. आरसी आणि विमा आपल्या नावावर करायला आळस नको. नात्यातली गाडी असली तरी कागद झालेच पाहिजेत.

आपाचं काय झालं?

सीट उतरवली. अबायाची लांबी चार बोटं कमी केली आणि बाजूला बटणं लावली. पट्ट्याची सँडल आली. हेल्मेट हिजाबच्या मापाचं घेतलं. मग पंधरा दिवस रोज फजरनंतर शाळेच्या रिकाम्या मैदानावर तिने एकच सराव केला: दहा पावलं जायचं, दोन्ही ब्रेक लावायचे, डावा पाय टाकायचा, थांबायचं. पुढे जाण्यापेक्षा थांबायला ती आधी शिकली.

आता ती रोज शाळेत जाते. परवा अम्मीला डोळे तपासायला घेऊन गेली. निघताना मागे वळून तिने विचारलं, ‘अम्मी, कपडे आवरले का?’ अम्मीने बुरख्याचा घेर मांडीखाली दाबला, हेल्मेटचा पट्टा चाचपला आणि म्हणाली, ‘चल, बिस्मिल्लाह.’